शब्दचर्चा: फॉन्डंट – लाटायचा आणि ओतायचा

प्रश्न (शाहूपुरी, सातारा)

नमस्कार. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. नाताळच्या आसपास छोट्या चौकोनी केकना मागणी असते. घासाएवढा स्पंजचा तुकडा आणि वरून ओतलेलं गुळगुळीत, चकचकीत साखरेचं आवरण. फ्रेंच पद्धतीत या तुकड्यांना ‘पेटी फोर’ म्हणतात आणि आवरणाला ‘फॉन्डंट’. पण गिऱ्हाइकापुढे फॉन्डंट म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर बाहुल्या-गाड्या लावलेला वाढदिवसाचा केक येतो आणि ‘ते चिवट नको बाई’ असं उत्तर येतं. सामानाच्या दुकानात मागितला तरी लाटायच्या गोळ्याचंच पाकीट पुढे येतं. हे दोन्ही फॉन्डंट एकच का? आणि ओतायच्या फॉन्डंटला मराठीत काय म्हणावं? ‘साखरलेप’ सुचलं होतं, पण लेप म्हटलं की मला गुडघ्याला लावायचं औषध आठवतं.

उत्तर (गावभाग, सांगली)

ताई, दोन्ही एक नाहीत. फ्रेंचमध्ये ‘फॉन्द्र’ म्हणजे वितळणे, त्यावरून फॉन्डंट म्हणजे वितळणारा, विरघळणारा. तोंडात टाकल्यावर विरतो म्हणून हे नाव. ते खऱ्या अर्थानं शोभतं ते तुमच्या ओतायच्या फॉन्डंटलाच. लाटायचा गोळा पिठीसाखर, ग्लुकोज, जिलेटिन, ग्लिसरीन असं मळून करतात. त्याला ताण येतो, पोळीसारखा पसरतो, पण तो विरत नाही, चावावा लागतो. तुमची गिऱ्हाइकं चिवट म्हणतात ते त्याच्याबद्दल, आणि बरोबरच म्हणतात.

ओतायचा फॉन्डंट हा पाक आहे. शब्द शोधायचा तर बेकरीत न शोधता हलवायाच्या भट्टीपाशी शोधावा, कारण त्याच्या प्रत्येक पायरीला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे. कृतीच सांगते, म्हणजे शब्द आपोआप येतील.

500 ग्रॅम साखर, 150 मिली पाणी, 75 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी आली की चमचा बाहेर. पातेल्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशनं खाली ओढून घ्यायचे, कारण कडेचा एक कण आत पडला तरी त्याच्याभोवती साखर धरायला लागते आणि पाक अवेळी साखरतो. मळी दिसली तर काढायची. मग पाक गोळीवर आणायचा: गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की त्याची मऊ गोळी व्हावी आणि चिमटीत धरल्यावर ती चपटी व्हावी. चिक्कीच्या गुळासारखी टण्ण वाजली तर पाक फार पुढे गेला. थर्मामीटरवर ही गोळी समुद्रसपाटीला साधारण 114 अंश सेल्सियसला येते.

पुढे खरी गंमत आहे. कडप्प्याच्या ओट्यावर पाण्याचा हबका मारून पाक ओतायचा आणि हात लावायचा नाही. तळहाताला सोसेल इतका, साधारण 45 अंशांवर आला की उलथन्यानं कडेचा मधे, मधला कडेला असा घोटायला घ्यायचा. आधी तो काचेसारखा आरपार असतो. मग धुरकट होतो, मग दुधाळ, आणि पाच-दहा मिनिटांनी एकाएकी उलथनं जड होतं. पांढराशुभ्र, कोरडा, भुगा पडतोय असा गोळा हाताला लागतो. पहिल्यांदा करणारा इथे घाबरतो आणि टाकून देतो. टाकू नका. ओल्या हातानं मळायचा, ओलं फडकं घालून घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर मुरवायचा. सकाळी तोच गोळा लोण्यासारखा मऊ असतो.

आता शब्दाकडे. ‘साखरणे’ आपण नेहमी तक्रारीच्या सुरात वापरतो. मुरंबा साखरला, मध साखरला, पाक साखरला. आपोआप साखरताना दाणे मोठे होतात आणि दाताखाली करकरतात. फॉन्डंटमध्ये आपण पाक मुद्दाम साखरवतो. गार झाल्यावर घोटल्यामुळे एकदम असंख्य बारीक कण धरतात, एकालाही मोठं व्हायला साखर उरत नाही, आणि कण इतके लहान राहतात की जिभेला कळत नाहीत. गरम असताना घोटला तर थोडेच कण धरतात आणि तेच वाढत बसतात, म्हणून तो रवाळ होतो. कलाकंदाला रवाळपणा शोभतो, इथे नाही. ग्लुकोज घालायचं तेही कण वाढू नयेत म्हणून. आपण पाकात लिंबू पिळतो त्यामागचं कारणही जवळपास हेच: आंबटामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि पाक साखरायला अटकाव होतो. पण फॉन्डंटला लिंबू जास्त झालं तर तो धरतच नाही, घोटत बसावं लागतं.

म्हणून मी सुचवेन घोटीव पाक. ‘घोटीव’ हा जुना, अस्सल शब्द आहे: घोटीव अक्षर, घोटीव कागद. घोटल्यामुळे आलेली झळाळी त्यात आहे आणि या पदार्थात तीच तर हवी असते.

प्रतिसाद (कराड)

‘घोटीव पाक’ आवडला. पण मी इंटरनेटवरच्या पाककृतींवरून पिठीसाखर, गरम पाणी आणि ग्लुकोज एकत्र कोमट करून ओततो, त्यालाही तिकडे ‘पोअर्ड फॉन्डंट’ म्हणतात. काहीजण त्यात पांढरं चॉकलेटही घालतात. तो घोटीव पाक म्हणायचा का?

उत्तर (गावभाग, सांगली)

नाही दादा, त्याला मी पिठीसाखरेचं आयसिंग म्हणेन. चवीला वाईट नसतं, घाईत उपयोगी आहे. पण त्यात साखर दळलेली असते, पाकातून धरलेली नसते. शिवाय विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं, त्याचा पिठूळपणा मागे राहतो. गोळीचा पाक न करता घोटीव पाक होत नाही. इथे सूट देऊ नये असं माझं मत आहे, नाहीतर आत्ता फॉन्डंटचा जो घोळ झालाय तोच नव्या शब्दाचाही होईल.

प्रतिसाद (मिरज)

ओतण्याच्या क्रियापदाचंही बघा. चिरोट्यावर आपण पाक ‘घालतो’, हलव्याच्या तिळावर पाक ‘चढवतो’. हलव्यात थरावर थर बसतात म्हणून चढवणं. इथे एकाच ओतण्यात चारी बाजू झाकल्या जायला हव्यात. जाळीवर तुकडे मांडून, मधोमध धार धरून, खाली ओघळू द्यायचं. सुरीनं परत सारखं करायला गेलं की खूण राहते. म्हणून ‘ओतणे’च योग्य. ‘ओतीव’ मात्र नको, ते साच्यातल्या पितळेसाठी राहू द्या.

प्रश्नकर्तीकडून (शाहूपुरी, सातारा)

काकू, मनापासून आभार. ‘साखरवणे’ वाचून इतका वेळ डोक्यात असलेली गाठ सुटली. दोन शंका. माझ्याकडे 114 अंशांवर उतरवलेला पाक घोटताना फार लवकर दगड होतो. आणि दुसऱ्या दिवशी पातळ करताना चमक जाते.

उत्तर (गावभाग, सांगली)

पहिल्याचं कारण तुमचं गाव. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी 100 ऐवजी साधारण 97-98 अंशांनाच उकळतं. पाकाचे आकडेही तितकेच खाली सरकतात. तुमच्याकडचा 114 म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबानं 116च्या पुढचा पाक. आधी नुसत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून ते किती अंशांना उकळतं ते बघा आणि 100ला जेवढे कमी पडतील तेवढे 114मधून वजा करा. महाबळेश्वरात करणाऱ्याला चार-साडेचार अंश सोडावे लागतील. वाटीतल्या पाण्यातली गोळी मात्र कुठल्याही उंचीवर खरं सांगते.

चमक जाते ती तापवल्यामुळे. उकळत्या पाण्याच्या वाफेवर भांडं धरून फक्त कोमट करायचा, 37 ते 40 अंश. बोट बुडवलं तर ना गार लागावा ना गरम. त्यापुढे गेला की घोटून मिळवलेले बारीक कण विरघळतात आणि गार होताना मोठे होऊन बसतात, आवरण मळकट पांढरं, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. घट्ट वाटला तर आच वाढवायची नाही, साधा पातळ पाक चमचा-चमचा घालायचा.

आणि ओतण्याआधी तुकड्यांना गाळलेल्या जॅमचा पातळ हात द्या, म्हणजे स्पंजचे कण वर येत नाहीत. तुमच्याकडे महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरी जॅम सहज मिळेल, पण पांढऱ्या पाकाखालून तो गुलाबी डोकावतो. पांढऱ्यासाठी जर्दाळू किंवा अननसाचा घ्या, स्ट्रॉबेरीचा गुलाबी रंगाच्या पाकाखाली वापरा.

प्रतिसाद (विटा)

पण मागणीपत्रकावर नुसतं ‘घोटीव पाक’ लिहिलं तर गिऱ्हाईक जिलबी समजेल. मी लिहीन: ‘छोटे केक, वरून घोटीव पाकाचं (ओतलेल्या फॉन्डंटचं) आवरण’. दुकानदाराला मात्र फॉन्डंटच म्हणावं लागणार, त्याच्या पाकिटावर तेच छापलेलं असतं.

प्रतिसाद (मिरज)

सहमत. लाटायच्याला नवा शब्द नकोच, ‘लाटायचा फॉन्डंट’ पुरतो. एक राहिलं: तो फॉन्डंट की ते फॉन्डंट? आमच्या घरात दोन्ही चालतं.

उत्तर (गावभाग, सांगली)

आयसिंगच्या अंगानं विचार केला तर ‘ते’ येतं, पाकाच्या किंवा गोळ्याच्या अंगानं ‘तो’. मी ‘तो’ म्हणते, कारण माझ्या हातात तो आधी पाक असतो आणि मग गोळा.