मदत हवी आहे: सतराव्या शतकाआधीचं 'मुंगूस'

इंग्रजी 'माँगूस'चा माग काढतोय. इंग्रजी कोश मूळ म्हणून मराठी 'मुंगूस' देतात, बहुधा पोर्तुगीजमार्गे. 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा जुना कोश मात्र तेलुगू 'मुंगिस' धरतो. कन्नडातही 'मुंगुसि' आहेच. म्हणजे मराठीनेच तो दक्षिणेकडून उचलला असावा, असं मला वाटतं. कृपया संस्कृत 'नकुल' सुचवू नका, त्यातून हिंदी 'नेवला' येतो. (शेवटच्या 'गूस'चा हंसाशीही संबंध नाही, म्हणून अनेकवचन सहसा 'माँगीस' होत नाही.)

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७) पाहिला. नोंद आहे, पण उपयोग नाही. कारण इंग्रजीत शब्द सतराव्या शतकातच पोचला होता. जुन्या ग्रंथाची नुसती छापील आवृत्तीही पुरणार नाही, कारण नकला करणारे जुन्या शब्दाजागी ओळखीचा घालतात.

तर १६०० पूर्वीच्या मराठी किंवा कोकणी हस्तलिखितात 'मुंगूस', 'मुंगुस' किंवा 'मुंगस' कुणाला आढळलंय का? मूळ ओळ आणि पोथीचा लेखनकाळ सांगाल?