लिबमेमकॅश्ड: चौथा सर्व्हर जोडताच बहुतेक नोंदी सापडेनाशा का होतात?

प्रश्न

आमची सी भाषेतील एक सेवा लिबमेमकॅश्ड या लायब्ररीच्या साहाय्याने तीन मेमकॅश्ड सर्व्हरांवर (माहिती स्मृतीत तात्पुरती ठेवणाऱ्या सर्व्हरांवर) माहिती साठवते. वापर वाढल्यामुळे यादीत चौथा सर्व्हर जोडला, तेव्हा बराच काळ बहुतेक मागण्यांना 'नोंद सापडली नाही' असे उत्तर मिळत राहिले आणि सगळा भार डेटाबेसवर पडला. जुन्या सर्व्हरांना कोणी हातही लावला नसताना असे का व्हावे? शिवाय आमचे सर्व थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे) एकच मेमकॅश्ड_एसटी, म्हणजे लायब्ररीची जोडणी सांभाळणारी रचना, वापरतात आणि क्वचित एका थ्रेडला दुसऱ्याने मागितलेली नोंद मिळते. या दोन गोष्टींचा संबंध आहे का?

उत्तर १

संबंध नाही. मेमकॅश्डचे सर्व्हर एकमेकांना ओळखत नाहीत. कोणती की (नोंदीचे नाव) कोठे ठेवायची हे सर्वस्वी क्लायंट लायब्ररी, म्हणजे येथे लिबमेमकॅश्ड, ठरवते. तुम्ही काही सांगितले नाही, तर लिबमेमकॅश्ड कीच्या हॅशला (कीवरून काढलेल्या संख्येला) सर्व्हरांच्या संख्येने भागते आणि उरलेल्या बाकीनुसार सर्व्हर निवडते. आता ३ ने आणि ४ ने भागून बाकी सारखी उरते ती दर १२ संख्यांपैकी केवळ तिघींची, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश कींचा पत्ता एका रात्रीत बदलला. नोंदी जागेवरच आहेत. प्रोग्राम मात्र भलत्याच दारी विचारतो आहे.

मेमकॅश्ड_बिहेवियर_सेट हे फंक्शन वापरून केटामा ही वाटपाची पद्धत चालू करावी. त्यात प्रत्येक सर्व्हरला एका काल्पनिक वर्तुळावर अनेक बिंदू मिळतात आणि की पुढच्या बिंदूच्या सर्व्हरकडे जाते, त्यामुळे तीनाचे चार करताना साधारण एक चतुर्थांश कीच हलतात. हा बदल करतानाही एकदा फेरवाटप होणारच, म्हणून तो कमी वर्दळीच्या वेळी करावा. यादीत एका यंत्रावर आयपी पत्ता आणि दुसऱ्यावर होस्टनेम असे लिहू नये, कारण बिंदू त्या मजकुरावरूनच काढले जातात. आणखी एक धोका कमी लोकांच्या लक्षात येतो: हललेल्या कींच्या जुन्या प्रती मूळ सर्व्हरांवर पडून राहतात, आणि यादी पूर्ववत केल्यास त्याच शिळ्या प्रती पुन्हा वाचल्या जातात. मुदत न घालता साठवण्याची सवय येथे महागात पडते. मात्र ती मुदत सेकंदांत ३० दिवसांहून अधिक दिल्यास सर्व्हर तिला युनिक्स कालदर्शक (१९७० च्या आरंभापासून मोजलेले सेकंद) समजतो आणि नोंद तत्काळ कालबाह्य होते.

उत्तर २

थ्रेडांबद्दल: मेमकॅश्ड_एसटीमध्ये सॉकेट (सर्व्हरशी असलेली जोडणी) आणि बफर (आलेली माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा) दोन्ही असतात, म्हणून दोन थ्रेडांनी एकाच वेळी ती वापरली की एकाचे उत्तर दुसरा वाचून मोकळा होतो. प्रत्येक थ्रेडसाठी मेमकॅश्ड_क्लोन या फंक्शनने तिची स्वतंत्र प्रत करावी. थ्रेड खूप असतील, तर लिबमेमकॅश्डयुटिल या जोडलायब्ररीतील पूल (आळीपाळीने वापरायच्या प्रतींचा साठा) वापरावा. सगळीकडे म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) लावूनही चालेल, पण मग थ्रेड कशासाठी ठेवायचे, हा प्रश्न उरतो.

नोंद वाचणाऱ्या मेमकॅश्ड_गेट या फंक्शनने परत केलेली स्मृती काम झाल्यावर सी भाषेतील फ्री या फंक्शनने मोकळी करणे ही तुमची जबाबदारी आहे, हेही तपासून पाहावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. याच नोंदी आमचे पीएचपीचे एक पान वाचते. तेथेही काही बदलावे लागेल का?

उत्तर १

होय. पीएचपीचे मेमकॅश्ड एक्स्टेन्शन आतून हीच लायब्ररी वापरते, तरीही हॅश, वाटपाची पद्धत आणि सर्व्हरांची यादी दोन्हीकडे तंतोतंत सारखीच असावी लागते. दोन्ही बदल एकाच वेळी करा. अन्यथा सी सेवा एका सर्व्हरवर लिहील आणि पान दुसऱ्यावर वाचेल.