टीव्ही बंद करून पुस्तकं वाचायची: तुमचं मत काय?

विश्रामबागची (सांगली)
या महिन्यापासून आम्ही डिशचा रिचार्ज बंद केला. घरात मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. संध्याकाळी सातपासून झोपेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि वाचण्याचं तर नावच नको. मालिका कधी संपतच नाही, उद्यावर ढकलली जाते. पुस्तक आपल्या वेगानं वाचून पुरं करता येतं, मध्येच मिटून विचार करता येतो.

धीर आला तो मोहित्यांचे वडगावमुळे. आपल्याच जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे गाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला.

सुरुवात करणाऱ्यांनी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ घ्यावं. एकेक व्यक्तिचित्र छोटं, एका बैठकीत होतं. मग ‘बनगरवाडी’: धनगरांच्या वाडीत आलेला कोवळा मास्तर, गावानं मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळानं ओस पडलेली वस्ती. आणि श्रीनिवास कुलकर्णींचं ‘डोह’. औदुंबरला आपण दत्तदर्शनाला जातो आणि परत येतो. तिथली कृष्णा, झाडं, पाखरं एका लहान मुलाला कशी दिसली ते या पुस्तकात आहे. तुमची आवडती सांगा. विरोध असेल तर तोही मोकळेपणानं लिहा.

मिरजकर
माझा विरोध आहे, ताई. १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढं त्याच पडद्यावर ‘चिमणराव’ आला. चिं. वि. जोशींचं नावही न ऐकलेल्या घरांत चिमणराव-गुंड्याभाऊ पोचले. ‘भारत एक खोज’चे ५३ भाग मी वडिलांच्या शेजारी बसून पाहिले आणि नेहरूंचं मूळ पुस्तक त्यानंतरच हातात घेतलं. ज्या खोक्यानं मला वाचक केलं, त्याला शत्रू कसं म्हणू?

दुसरं, आपण कृष्णाकाठची माणसं. पावसाळ्यात कोयनेतून किती विसर्ग सोडला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, या टीव्हीवरच्या बातमीवर रात्रीची झोप अवलंबून असते. आणि आज मुलं टीव्ही बघतात कुठं? त्यांच्या हातात मोबाइल आहे. डिश बंद करून खरा चोर मोकळाच राहिला.

विश्रामबागची
विसर्गाचा आकडा दोन मिनिटांत कळतो, त्यासाठी तीन तास टीव्ही लागत नाही. मोबाइलचं मात्र पटलं. वडगावनं दोन्ही बंद ठेवले, ते त्यासाठीच. आमच्याकडंही त्या वेळेत सगळ्यांचे फोन कपाटात असतात, यांचासुद्धा.

कडेगावकडचा
आमचं गाव वडगावच्या जवळच. एक गोष्ट लक्षात घ्या: तिथं सगळ्यांचा टीव्ही एकाच वेळी बंद होतो. भिंतीपलीकडं मालिकेचं संगीत चालू असताना पोराला पुस्तकात गुंतवणं अवघड असतं. एकट्या घरानं करण्यापेक्षा गल्लीनं मिळून ठरवा. अपार्टमेंट असेल तर निदान आपल्या मजल्यानं.

आटपाडीची सून
सगळे पुरुषांच्या सोयीचं बोलताय. संध्याकाळी सात ही भाकऱ्यांची वेळ हाय. दिवसभर द्राक्षबागेत उभं राहून आलेली बाई तवा ठेवणार का पुस्तक धरणार? नवरा वाचंल, पोरं वाचतील, आणि तिला भाकरी थापताना कानावर पडायची तेवढी मालिका पण बंद. आमच्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरातली माणसं कामावर गेली की टीव्हीचाच आवाज सोबतीला. त्यांचा रिचार्ज मी बंद करणार नाही, कुणी काही म्हणा.

विश्रामबागची
ताई, हा मुद्दा इथं सगळ्यात महत्त्वाचा आहे. भाकऱ्या आमच्याकडंही मीच करते. म्हणून थोरलीला स्वयंपाकघरात बसवून मोठ्यानं वाचायला लावते. यात नवं काही नाही. श्रावणात हरिविजय, पांडवप्रताप असेच वाचले जायचे. एकजण वाचणार, दहाजणी कामं करत ऐकणार. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांनाही सगळी कथा पाठ असायची. परवा ‘माणदेशी माणसं’मधला ‘झेल्या’ वाचला, तर सासूबाईंनी त्यांच्या शाळेतल्या तशाच एका पोराची गोष्ट सांगितली. मालिकेवर त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. मोतीबिंदू झालेल्या माणसाला पुस्तक डोळ्यांनीच वाचायला हवं असं थोडंच आहे?

पाटणकर (सातारा)
वाचनाच्या बाजूनं आहे, पण तुमची यादी मोठ्यांची आहे. दहा वर्षांच्या मुलाला दुष्काळ आणि ओस वाडी देऊ नका. त्याला भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्या. फुरसुंगीचा बन्या त्याला पळवत नेईल. जरा मोठ्यांना वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. मोठ्यांसाठी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’. कोयनेत गाव गेलेल्या आमच्याकडच्या माणसांना ती वाचताना धरणग्रस्त म्हणजे आपलेच सोयरे वाटतात.

पुस्तकं विकतच घ्यायला पाहिजेत असं नाही. पाचगणीजवळ भिलारला, २०१७ साली झालेल्या पुस्तकांच्या गावात, घराघरांत बसून फुकट वाचता येतं. मुलांना महाबळेश्वरला नेता तेव्हा अर्धा दिवस तिथं ठेवा. आणि सांगलीकरांनो, २०१९ च्या पुरात तुमच्या नगर वाचनालयात पाणी शिरून किती पुस्तकांचा लगदा झाला, आठवा. डिशचे वाचलेले पैसे तिथल्या वर्गणीत घाला.

मिरजकर
मोठ्यानं वाचण्याची कल्पना आवडली, ती घेतो. टीव्ही मात्र ठेवणार. अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ सिनेमा १९९५ चा. मुलांना आधी तो दाखवेन, मग पुस्तक देईन.

विश्रामबागची
उलट करा, काका. आधी सिनेमा पाहिला की कारभाऱ्याचा चेहरा कायमचा ठरून जातो. पोरांना तो स्वतःच्या मनानं एकदा तरी रंगवू द्या.

आटपाडीची सून
सातची वेळ मला जमणार नाही. नऊनंतर भांडी आवरली की अर्धा तास पोरगी वाचंल, सासूबाई आणि मी ऐकू. टीव्ही दिवसा राहील. पण सुरुवात माडगूळकरांपासून नको, त्यांचा माणदेश म्हणजे आमच्या रोजच्या बघण्यातला. अण्णा भाऊंचा ‘फकिरा’ पाहिजे. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या वाटेगावच्या माणसानं लिहिलंय, पोरीला ते कळू दे. कुणाकडं जादा प्रत असेल तर आटपाडी एसटी स्टँडवर येऊन घेऊन जाईन.