सल्ला हवा: किल्ली काढली तरी डीआरएल बंद होत नाहीत. बजेट १५००

शिरीषगंध
नमस्कार मंडळी. मी चिपळूणला असते आणि शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत कराडच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून २०१६ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. गाडी चांगली आहे, तक्रार एकच. पुढच्या बंपरमध्ये खाली दोन पांढऱ्या पट्ट्या आहेत, दिवसा लागणारे दिवे, म्हणजे डीआरएल. गाडी सुरू केली की लागतात, ते ठीक. पण जूनपासून गाडी बंद करून, किल्ली काढून, दारं लॉक केली तरी त्या चालूच राहतात. हेडलाइटचा खटका बंद असतो, तो दहादा पाहिला. समोरच्या काकू रात्री गॅलरीतून हाक मारतात, "अगं, तुझी गाडी जागी आहे!"
गंमत म्हणजे रात्री दोनला उठून पाहिलं तर दिवे विझलेले. सकाळी गाडी एका किल्लीत सुरू होते. पण बॅटरी किती दिवस तग धरेल?
गणपतीच्या आत काम व्हायला हवं. बजेट १५००, त्यापुढे खरंच जमणार नाही. कोणता पार्ट घ्यावा, कुणाला दाखवावी? चिपळूण-खेडमधला भरवशाचा वायरमन माहीत असेल तर तोही सांगा.

सागवान
ताई, लोकल माणसाच्या हातात गाडी देऊ नका. थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. माझ्या गाडीचा डावा डीआरएल गेल्या वर्षी लुकलुकायला लागला होता. हेडलॅम्पच्या आत पाणी गेलेलं. पूर्ण असेंब्ली बदलली, १४ हजार गेले, पण आज वर्ष झालं, एक थेंब आत नाही. एकदाच खर्च करा आणि निर्धास्त राहा.

नंदू_घाटमाथा
रिले (विजेवर चालणारा खटका) चिकटला आहे, दुसरं काही नाही. माझ्या जुन्या गाडीच्या फॉग लॅम्पचं डिट्टो असंच झालं होतं. रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट ठिणगीने वितळून एकमेकांना चिकटतात, मग कॉइलचा करंट बंद झाला तरी सुटत नाहीत. बॉनेट उघडा, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात रिले शोधा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच टकटक करा. दिवा विझला तर रिलेच. हॉर्नचा रिले बहुधा त्याच मापाचा असतो, तो अदलाबदल करून बघा. नवा दीडशे-दोनशेला मिळतो. दोन मिनिटांचं काम.

मेपलची_सावली
कॅनडातल्या मिसिसॉगाहून लिहितो आहे. आमच्याकडे १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या प्रत्येक गाडीला हे दिवे सक्तीचे आहेत, त्यामुळे त्यांच्याशी ३० वर्षांचा संसार आहे. माझ्या आधीच्या गाडीत एक सोय होती. गाडी सुरू करण्याआधी हँडब्रेक एक खाच वर ओढून ठेवला की डीआरएल लागायचेच नाहीत. हँडब्रेकच्या खाली एक छोटा स्विच असतो, तो बिघडला तर हे दिवे विचित्र वागतात. तो तपासा.

कायदेपंडित_७७
हे दिवे बंद करताच येत नाहीत, सरकारचा नियम आहे. २०१७पासून सगळ्या गाड्यांना दिवसा दिवा सक्तीचा आहे. कंपनीने मुद्दाम स्विच दिलेला नसतो. छेडछाड केलीत तर दंड होईल.

नंदू_घाटमाथा
@कायदेपंडित, तो नियम दुचाकींचा. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच हेडलाइट लागणं सक्तीचं झालं. ताईंची चारचाकी आहे आणि तीही २०१६ची. आणि प्रश्न गाडी बंद असतानाचा आहे. किल्ली खिशात असताना दिवा लावून ठेवा असं कोणता नियम सांगेल?

कायदेपंडित_७७
दुचाकीचा असला तरी हेतू तोच. दिवा दिसला तर अपघात टळतो. माझ्या स्कूटरचा दिवा मी सात वर्षांत एकदाही बंद केलेला नाही.

काजूबी
जर्मन बनावटीच्या काही गाड्यांत गाडी बंद केल्यावर इंडिकेटरची दांडी डावीकडे किंवा उजवीकडे राहिली तर त्या बाजूचा पार्किंगचा दिवा लागून राहतो. ती सोय आहे, बिघाड नाही. माझ्या भावजयीने त्यापायी दोनदा मेकॅनिक बोलावला होता. ताईंचे दोन्ही दिवे लागतात म्हणजे ते नसावं, पण दांडी सरळ आहे का ते एकदा बघाच.

सागवान
म्हणून म्हणतो, सर्व्हिस सेंटर. तिथे स्कॅनर लावून पाच मिनिटांत निदान होतं.

तारतंत्र
कोल्हापुरात २२ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. सगळ्यांनी औषध सांगितलं, रोग्याची नाडी कुणी धरली नाही. ताई, तीन प्रश्नांची उत्तरं द्या.
पहिला, या पट्ट्या कंपनीच्या आहेत की नंतर बसवलेल्या? तुमच्या वर्णनावरून बंपरमध्ये खाली आहेत, हेडलॅम्पमध्ये नाहीत. पट्टीच्या टोकांना स्क्रू दिसतात का बघा.
दुसरा, बॅटरीच्या टर्मिनलला कंपनीच्या जाड केबलखेरीज एखादी बारीक लाल वायर जोडलेली आहे का? ती काडेपेटीएवढ्या काळ्या डबीत जाते का?
तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. जूनमध्ये गाडीचं नेमकं काय काम केलं होतं?

शिरीषगंध
आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आले. स्क्रू आहेत, प्रत्येक पट्टीला दोन, आणि एक गंजलेला आहे. बॅटरीवर बारीक लाल वायर आहे. ती हेडलाइटच्या मागे काळ्या डबीत जाते. डबी प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधली आहे, झाकणाच्या फटीत चिखल बसलाय.
आणि जूनमध्ये बॅटरी बदलली! शाळा सुरू व्हायच्या आधल्या आठवड्यात जुनी पार गेली म्हणून नवी टाकली. त्याच रात्री काकूंनी पहिली हाक मारली होती. हे दोन्ही मी कधी जोडून पाहिलंच नाही.

राजापूर_गंगा
रिले चिकटला असणार. माझ्याही गाडीचा चिकटला होता. हॉर्नच्या रिलेशी बदलून बघा.

तारतंत्र
रिलेचा यात संबंध नाही. ताई, तुमची गाडी आणि बॅटरी दोन्ही धडधाकट आहेत. ऐका.
बाजारात जे डीआरएल किट मिळतं त्याची डबी थेट बॅटरीला जोडतात. किल्लीची वायर तिला दिलेलीच नसते, बसवणाऱ्याची मेहनत वाचते. मग इंजिन चालू आहे हे डबीला कळतं कसं? ती बॅटरीचा व्होल्टेज बघते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो आणि व्होल्टेज १३.८ ते १४.४च्या दरम्यान जातो. डबी म्हणते गाडी सुरू झाली, दिवे लावा. इंजिन बंद झालं की व्होल्टेज उतरतो, एका मर्यादेखाली गेला की डबी दिवे बंद करते.
तुमची जुनी बॅटरी थकलेली होती. इंजिन बंद होताच १२.४-१२.५वर यायची आणि दिवे लगेच विझायचे. नवी बॅटरी भरलेली आहे. गाडी थांबल्यावर काही वेळ ती १३च्या आसपास राहते आणि शांत झाल्यावरही १२.७ दाखवते. डबीला वाटतं इंजिन चालूच आहे. दिवे स्वतःच बॅटरी खात खात तिला मर्यादेखाली आणतात तेव्हा विझतात. तुमचे रात्री दोन वाजतात ते त्यामुळे.
खात्री करायची तर मल्टिमीटर लावून गाडी बंद केल्या केल्या, तासाने आणि दिवे विझल्यावर व्होल्टेज लिहून ठेवा.

मेपलची_सावली
वा, हे पटलं. हँडब्रेकचं माझं म्हणणं मागे घेतो, ते कंपनीच्या दिव्यांसाठी होतं.

कुंभार्ली_रोज
मी आठवड्यातून चार दिवस चिपळूण-कराड करतो. मूळ प्रश्न सोडून सांगतो, पण सांगायलाच हवं. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की माझ्यापुढे अशा गाड्या येतात, पुढे पांढरे डीआरएल झगमगताहेत आणि मागे पूर्ण अंधार. चालवणाऱ्याला वाटतं दिवे चालू आहेत. डीआरएल लागले म्हणून मागचे लाल दिवे लागत नाहीत हो! ते हेडलाइटचा किंवा पार्किंगचा खटका फिरवला तरच लागतात. मागच्या आषाढात कोयनानगरकडून येताना एक राखाडी गाडी मला दहा पावलांवर दिसली. ब्रेक लागला म्हणून वाचलो. दोन्ही गाड्यांत लहान मुलं होती.

मेपलची_सावली
शंभर टक्के. आमच्याकडे अशा गाड्यांना लोक भुताच्या गाड्या म्हणतात. शेवटी सप्टेंबर २०२१पासून नव्या गाड्यांना नियम केला. एकतर डीआरएलबरोबर मागचे दिवे लागले पाहिजेत, नाहीतर अंधारात सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर समोरचं मीटर अंधारात राहिलं पाहिजे, म्हणजे चालवणाऱ्याच्या लक्षात येईल.

कायदेपंडित_७७
हेच मी पहिल्यापासून सांगतोय, दिवे महत्त्वाचे.

शिरीषगंध
शेजारचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. तो मल्टिमीटर घेऊन आला, दोघं छत्री धरून बॉनेटपाशी उभे राहिलो. काल रात्रीचे आकडे असे: गाडी बंद केल्यावर लगेच, ८ वाजून ५० मिनिटांनी १३.०५. पावणेदहाला १२.७८. मग मी झोपले, तो जागा होता. पावणेदोनला दिवे विझले तेव्हा १२.५४. दिव्यांना किती करंट जातो तेही त्याने मोजलं, जवळपास १ अँपिअर.
तारतंत्र दादा, तुमचं अक्षर न् अक्षर खरं निघालं.

तारतंत्र
शाब्बास त्या पोराला. १ अँपिअर म्हणजे रात्री पाचेक अँपिअर-तास, तुमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल. रोज गाडी चालते तोवर भरून निघतं. पण गणपतीत चार दिवस उभी राहिली, त्यात दमट हवेने ती डबी बिघडली आणि दिवे विझलेच नाहीत, तर दीड दिवसात बॅटरी झोपेल. उपाय करायला हवाच.
चार पायांचा रिले आणि सॉकेट घ्या. बॅटरीपासून ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७वरून डबीला. ८६ला किल्ली फिरवल्यावरच करंट येणारी वायर, ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. किल्ली काढली की डबीचा पुरवठाच तुटेल. ८६ची वायर वायपरच्या फ्यूजवरून घ्या, एअरबॅग किंवा एबीएसच्या फ्यूजला अजिबात हात लावू देऊ नका. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. सामान आणि मजुरी धरून ७००-८००त व्हावं.

नंदू_घाटमाथा
म्हणजे शेवटी रिलेच लागला ना! मी पहिल्या प्रतिसादात रिलेच म्हटलं होतं.

काजूबी
एवढं कशाला? डॅशबोर्डखाली साधा खटका लावून घ्यावा. आमच्या ह्यांनी लावलाय, ४० रुपयांचा.

तारतंत्र
खटका माणूस विसरतो. पावसात पिशव्या सांभाळत उतरताना कोण आठवण ठेवणार? रिले विसरत नाही.

सागवान
माझं मत अजून तेच. बाहेरचं किट काढून वरच्या मॉडेलची कंपनीची हेडलॅम्प असेंब्ली बसवा, तिच्यात डीआरएल येतो. दिसतंही छान.

शिरीषगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय झाला आणि कामही झालं. कालच्या शनिवारी अर्धी शाळा होती, तिथून थेट बाजारपेठेतल्या वायरमनकडे गेले आणि दोन्ही पट्ट्या काढून टाकल्या. २०० रुपये घेतले. बंपरची चार भोकं त्याने सिलिकॉनने बुजवली.
तारतंत्र दादा, तुमचा उपाय चुकीचा वाटला म्हणून नाही. कुंभार्ली_रोज यांचं वाचल्यावर मी गाडी अंगणात उभी केली, सुरू केली आणि मागे जाऊन पाहिलं. मागे मिट्ट काळोख. मी रोज साडेसहाला धुक्यातून निघते, आणि समोरच्या भिंतीवर पांढरा उजेड पडतो म्हणून कित्येक सकाळी हेडलाइटचा खटका लावलाच नव्हता. मागून डंपर येतात त्या रस्त्याला. आता पट्ट्याच नाहीत, उजेड हवा तर खटका फिरवावा लागतो आणि मागचेही लागतात.

नंदू_घाटमाथा
चांगले दिवे काढून टाकले याचं वाईट वाटलं. ८००त उत्तम काम झालं असतं.

कुंभार्ली_रोज
ताई, छान केलंत.

तारतंत्र
तुमचा विचार योग्य आहे, मला काही वाईट वाटलेलं नाही. फक्त एक बघा. बॅटरीवरची ती बारीक लाल वायर त्याने टर्मिनलपासून सोडवली, की नुसती मध्ये कापून टेप गुंडाळली? नुसती कापली असेल तर ते टोक अजून जिवंत आहे. पावसात टेप सुटते, टोक पत्र्याला टेकलं की शॉर्ट. किटच्या वायरला बहुतेक वेळा फ्यूजही नसतो. आजच बघा.

शिरीषगंध
बघितलं. नुसती कापली होती! टर्मिनलला वीतभर लाल वायर तशीच लटकत होती, टोकाला काळी टेप, आणि एका रात्रीच्या पावसाने ती अर्धी उलगडलेली. दहाचा पाना घेऊन शेजारच्या मुलाने नट सैल केला, वायर मुळापासून काढली आणि टर्मिनल परत घट्ट केलं. पट्ट्या आणि डबी तो घेऊन गेलाय, डबी उघडून आत काय आहे ते त्याला बघायचंय. फोटो पाठवतो म्हणालाय, आले की इथेच टाकते.