फ्री डिशवरचे चॅनल दर एप्रिलला हलतात. बघणाऱ्याला काही हमी नको का?

माळरान :
डीडी फ्री डिश म्हणजे प्रसार भारतीची (दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेची) फुकट उपग्रह सेवा, घरावर छत्री लावून बघायची. तिच्यावरच्या खासगी चॅनलची जागा लिलावात ठरते आणि ती मिळते एका वर्षासाठी, १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणजे आज दिसणारा चॅनल पुढच्या एप्रिलात दिसेलच असं कोणीच सांगू शकत नाही. मार्च २०१९ मध्ये चार बड्या समूहांनी आपले हिंदी मनोरंजन चॅनल काढून घेतले. २०२० मध्ये ते परत आले. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल पुन्हा गायब. बघणाऱ्याला ना कोणी विचारलं, ना नीट सांगितलं.

चार कोटींच्या वर घरं या छत्रीवर आहेत. यातल्या बहुतेकांना दर महिन्याचा रिचार्ज परवडत नाही, म्हणून तर ती लावलेली असते. माझं म्हणणं सरळ आहे : स्लॉट, म्हणजे ही जागा, किमान तीन वर्षांचा द्या, आणि चॅनल जाणार असेल तर महिनाभर आधी पडद्यावर पट्टी फिरवा. मराठीत. इंग्रजी पत्रक काढून ज्याच्या घरात ते वाचायला कोणी नाही त्याला काय कळणार?

हिशेबी :
पूर्ण असहमत. छत्री, बॉक्स, वायर मिळून एकदाच साधारण दोन हजार खर्च, त्यानंतर आयुष्यभर एक पैसा नाही. मग उपग्रहाचं भाडं आणि अपलिंकिंगचा (चॅनल उपग्रहापर्यंत पोचवण्याचा) खर्च कुठून येतो? याच लिलावातून. वर्षाला शेकडो कोटी मिळतात ते बोली दरवर्षी नव्याने लागते म्हणून. तीन वर्षांसाठी भाव बांधून दिलात तर आज ज्याच्या खिशात पैसा आहे तो जागा अडवून बसेल आणि नव्या चॅनलला दारच बंद होईल.

आणि २०१९ चं उदाहरण अर्धवट देऊ नका. मोठे गेले त्याच वर्षी दंगल हा चॅनल हिंदी मनोरंजनात पहिल्या क्रमांकावर पोचला. जागा मोकळी झाली नसती तर त्याला कोणी विचारलं असतं का? प्रेक्षकाचं नुकसान झालं म्हणता, त्यांनी तर लवकरच दुसरं बघायला घेतलं.

पडवी :
दुसरं बघायला घेतलं कारण समोर तेवढंच होतं. त्याला पसंती म्हणायचं का?

आग्नेय_९३ :
मी छत्र्या बसवण्याचं काम करतो. आपल्याकडे फ्री डिशची छत्री आग्नेयेला धरावी लागते, तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे म्हणून. लिलाव झाले की एप्रिलात फोन सुरू : "टीव्ही बिघडला." टीव्ही धडधाकट असतो, फक्त नव्याने स्कॅन करायचं असतं. पण रिमोटवर मेनू, मग इन्स्टॉलेशन, मग ऑटो स्कॅन, सगळं इंग्रजीत. सत्तरीतल्या माणसाला ते जमत नाही. स्कॅन झालं की चॅनलचे नंबर सरकतात, पाठ केलेला नंबर दाबला की भलतंच काही लागतं. मग आजी म्हणतात, पहिल्यासारखं करून द्या. ते माझ्या हातात नसतं, आणि त्या कामाचे पैसे घ्यायलाही जीव होत नाही.

खरी अडचण मात्र पुढची आहे, एमपेग-४, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून कमी जागेत पाठवायची नवी पद्धत. जुने बॉक्स आधीच्या पद्धतीचे, एमपेग-२ चे आहेत. नव्या पद्धतीत तेवढ्याच जागेत जवळपास दुप्पट चॅनल बसतात, म्हणून तिकडे जाणं चूक नाही. पण ते चॅनल जुन्या बॉक्सवर लागतच नाहीत. उद्या सगळंच तिकडे नेलं तर लोकांनी चालू स्थितीतला बॉक्स फेकायचा का?

हिशेबी :
या मुद्द्यावर बोलण्यासारखं आहे. पण एमपेग-२ जितकी वर्षं ओढाल तितके चॅनल कमी मिळतील. आज एक स्लॉट मागायला अनेक जण उभे असतात, म्हणून तर बोली एवढी चढते.

माळरान :
हिशेबी, तुम्ही पुन्हा पुन्हा "एक पैसा नाही" म्हणता, म्हणून विचारतो : या माणसांना दुसरा फुकट पर्याय कुठला उरलाय? पूर्वी काठीला अँटेना बांधला की दूरदर्शन लागायचं. दूरदर्शनचे ते जुने ॲनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत, सरहद्दीसारख्या मोजक्या जागा सोडून, बंद करायचं ठरलं. अँटेना दूरदर्शननेच काढायला लावला, आता छत्रीवर काय दिसेल तेही बाजार ठरवणार. स्वतःला सार्वजनिक प्रसारण सेवा म्हणवतात, तर थोडी जबाबदारी घ्यायला नको?

शिवार :
मोठे समूह का गेले तेही बोला की. २०१९ ला ट्रायची (दूरसंचार आणि प्रसारणावर नियम लावणाऱ्या संस्थेची) नवी दरप्रणाली आली, प्रत्येक पे चॅनलला दर लावायचा झाला. तोच चॅनल इथे फुकट आणि तिथे विकत, हे जमेना. शिवाय लोक रिचार्ज सोडून छत्रीकडे वळत होते. गावातला प्रेक्षक जाहिरातीसाठी हवा, पण पैसे भरणारा तुटायला नको, अशी ओढाताण. यात प्रसार भारतीला एकटीला धरून चालणार नाही. खासगी कंपनीला "इथेच राहा" असं कुठला कायदा सांगणार?

पडवी :
खेळासाठी कायदा आहे ना! २००७ च्या कायद्याने भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात, जाहिरातीचं उत्पन्न ७५:२५ वाटून. (आयपीएल त्यात नाही.) २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ते प्रसारण दूरदर्शनचे ट्रान्समीटर आणि फ्री डिश एवढ्यापुरतंच ठेवलं, केबलवाल्याला ते देता येत नाही. म्हणजे सामन्याच्या दिवशी पैसे भरणाऱ्यापेक्षा छत्रीवाल्याला जास्त मिळतं. सरकारने मनावर घेतलं की होतं. मग मराठीसाठी स्लॉट राखून ठेवायला काय हरकत आहे? लिलावावर न अवलंबणारा मराठी चॅनल एक सह्याद्रीच, त्या एकावर किती दिवस काढायचे?

हिशेबी :
राखीव जागेला कमी बोली लागेल, तो तोटा कोणी भरायचा ते आधी सांगा. महिनाभर आधी पट्टी फिरवायची मागणी मात्र मान्य, तिला काहीच खर्च नाही.

आग्नेय_९३ :
पट्टीसोबत स्कॅन कसं करायचं तेही दाखवा, दूरदर्शनवर, दिवसातून चार वेळा, रिमोट हातात धरून, मराठीत बोलून. आणि एमपेग-२ बंद करायची तारीख दोन वर्षं आधी सांगा. नाहीतर दुकानात जुना बॉक्स आजही नवा म्हणून विकला जातो, आणि घेणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही.