'हेडीसटाउन': २०१०चा आल्बम रंगमंचापेक्षा सरस आहे

रानवारा:
गायिका-गीतकार अनाइस मिचेलने २००६ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये स्थानिक कलाकारांना घेऊन 'हेडीसटाउन' हे संगीतनाटक रंगमंचावर आणलं. ग्रीक पुराणातल्या ऑर्फियस-युरिडिसी या प्रेमिकांचीच कथा, पण मंदीच्या दिवसांतली. युरिडिसी भुकेपायी पाताळात, तिथला राजा हेडीस याच्या कारखान्यात जाते आणि ऑर्फियस गाण्याच्या जोरावर तिला सोडवायला निघतो. त्या खेळावरून २०१० मध्ये वीस गाण्यांचा लोकसंगीताचा आल्बम निघाला. पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, नाटकांसाठीचे आठ टोनी पुरस्कार, सगळं झालं. तरीही ही कृती सगळ्यात नेमकी उतरली ती आल्बममध्येच, असं मला ठामपणे वाटतं. तिथे पात्रं निवडली ती निव्वळ आवाजावरून. ग्रेग ब्राउनचा हेडीस इतक्या खालच्या पट्टीत गातो की त्याची सत्ता वेगळी दाखवावी लागत नाही. हेडीसची बायको पर्सेफनी म्हणजे अ‍ॅनी डिफ्रँको, ऑर्फियस म्हणजे बॉन इव्हेर या बँडचा जस्टिन व्हर्नन. तीन नियतिदेवता म्हणजे हेडन भगिनी, सख्ख्या बहिणी. त्यांच्या सुरांतली ती जवळीक तालमीने येत नाही.

पडघम:
अजिबात पटलं नाही. कथा आधी माहीत नसेल तर आल्बम ऐकून कोण कुठे गेलं, का गेलं, हे कळत नाही. रंगमंचावर निवेदक हर्मिस दुवे जोडतो. आल्बममध्ये ते जवळजवळ नाहीतच. कीर्तनातलं निरूपण गाळून नुसती पदं ऐकावीत तसं होतं. मिचेललाही ते पुरेसं वाटलं नसणार. उगाच का तिने रेचल चॅवकिनसारख्या दिग्दर्शिकेबरोबर वर्षानुवर्षं त्यावर काम केलं, नवी गाणी लिहिली? २०१६चा न्यूयॉर्कचा प्रयोग त्यातूनच उभा राहिला.

रानवारा:
नव्या गाण्यांनी कथा सोपी झाली, मान्य. पण मायकेल चॉर्नीच्या वाद्ययोजनेतला जो मोकळेपणा आहे, तो स्पष्टीकरणांच्या गर्दीत दबतो.

ओसरी:
भिंतीच्या गाण्याबद्दल कुणीच कसं बोलत नाही? हेडीस विचारतो, आपण भिंत का बांधतो? कामगार उत्तर देतात, मोकळं राहण्यासाठी. मग शत्रू कोण? गरिबी. प्रत्येक फेरीला उत्तर लांबत जातं आणि माणसं स्वतःची कैद स्वतःच्या तोंडाने घोकतात. हे समूहानेच गायचं गाणं आहे. समोर कामगारांची रांग दिसते तेव्हा अंगावर येतं. इथे मी रंगमंचाच्या बाजूने.

पडघम:
आणि शेवटाचं काय? मागे वळून पाहिलंस तर ती कायमची गेली, अशी हेडीसची अट असते, तरी ऑर्फियस मागे वळतो, तो क्षण बघायचाच आहे. प्रेक्षागृहात सगळ्यांचा श्वास अडकतो. आल्बममध्ये तो क्षण नुसता उरकतो.

रानवारा:
तिथेच माझं मत सगळ्यात पक्कं आहे. वर येताना ऑर्फियसला युरिडिसी दिसत नाही. ती मागे आहे की नाही, हे त्याला नुसत्या कानांवर ठरवायचंय. आल्बम ऐकणाऱ्याची अवस्था नेमकी हीच. रंगमंचावर ती मागून चालताना प्रेक्षकाला दिसते, मग शंका एकट्या ऑर्फियसची राहते. ऐकताना ती माझीही होते.

पडघम:
मुद्दा भारी आहे, पण उलटाही लागू होतो. ती मागे चालतेय हे आपल्याला दिसतंय आणि त्याला सांगता येत नाही, शोकांतिका यातच आहे. माहीत नसण्यात ती अर्धीच उरते. मी रंगमंच सोडणार नाही.