दिव्यांग खेळाडूंच्या दुखापती: स्पर्धेपुरती नोंद पुरते का?

मैदानवेडी
लंडन २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये साडेतीन हजारांवर खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवली गेली. दर १००० खेळाडू-दिवसांमागे १२.७ दुखापती, आणि सर्वांत जास्त खांद्याच्या. (एक खेळाडू स्पर्धेत एक दिवस, तो एक खेळाडू-दिवस.) रिओ २०१६ मध्ये हे प्रमाण १० वर आलं. काम मोलाचंच आहे. पण खांदा काही स्पर्धेच्या त्या दिवसांत झिजत नाही. व्हीलचेअरवरचा खेळाडू सरावात चाकं ढकलतो, सराव संपला तरी ढकलतो, आणि खुर्चीतून पलंगावर जाताना सगळा भार पुन्हा त्याच खांद्यांवर. माझं स्पष्ट मत आहे की पैसा आणि माणसं वर्षभराच्या नोंदींकडे वळवावीत. खेळाडूने दर आठवड्याला मोबाइलवर दुखणं, झोप, सराव भरावा. स्वीडनमध्ये असा वर्षभराचा अभ्यास झाला आहे.

आकडेमोड
असहमत. स्पर्धेत संघाचा डॉक्टर तपासून नोंद करतो. मोबाइलवर खेळाडू मनाने लिहिणार. मज्जारज्जूला इजा झालेल्या, कमरेखाली संवेदनाच नसलेल्या माणसाला 'दुखतंय का?' विचारून काय कळणार? पायाचं हाड मोडलं तरी त्याला पत्ता लागत नाही, असं होतं. शिवाय अंध फुटबॉलमध्ये सर्वाधिक दुखापती होतात हे लंडन आणि रिओ, दोन्हीकडच्या नोंदींनीच दाखवलं. चेंडूकडे जाताना 'वॉय' ओरडायचा नियम असूनही टकरी होतातच, तर उपाय कुठे हवा हे त्याशिवाय कळलं नसतं.

मैदानवेडी
मग प्रश्न बदला ना! त्वचा कुठे लाल दिसली का, पाय सुजला का, स्नायूंचे झटके वाढले का, ताप आला का. संवेदना नसली तरी शरीर खुणा देतं. बसून दाब पडणाऱ्या त्वचेवरचा लाल डाग वेळीच दिसला तर जखम टळते. स्पर्धेच्या दिवशी दिसला, तर खेळाडूचे पुढचे कित्येक आठवडे पालथं पडून जातात.

चाकांवर
मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो. तुम्ही दोघंही एक गोष्ट विसरताय: हे वाचणार कोण? खांदा दुखतोय असं लिहिलं आणि प्रशिक्षकाने पाहिलं, की संघातून नाव गेलं. म्हणून आम्ही लपवतो. आणि सांगितलं तर सल्ला काय, 'खांद्याला विश्रांती द्या'. विश्रांती दिली तर बाथरूमला कसा जाऊ? खांदा हेच माझे पाय आहेत. नोंद फक्त माझी असेल, तरच मी खरं लिहीन.

फिजिओताई
दादा, प्रशिक्षकापासून लपवा, पटतं. पण डॉक्टरपासून नको. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल, तर लघवीची नळी (कॅथेटर) तुंबण्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं. वेळेत उतरवला नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. काही जण तर कामगिरी सुधारावी म्हणून तो मुद्दाम चढवत. १९९४ पासून त्यावर बंदी आहे, ती जिवाच्या काळजीनेच. अशी लक्षणं कुणालाच दिसणार नाहीत अशी नोंद मला मान्य नाही.

चाकांवर
ताई, धोक्याची लक्षणं डॉक्टरला लगेच कळू देत, माझी हरकत नाही. पण तोच डॉक्टर निवडीच्या बैठकीत बसत असेल तर? आधी त्याला तिथून उठवा, मग माझ्याकडे मोबाइल द्या.